चूक बँकेची, मग दुरुस्तीही बँकेनेच करायची



बँकेत ठेवलेला पैसा सहसा सुरक्षित असतो. खात्याच्या नोंदी मात्र नेहमी बिनचूक असतातच असे नाही. नावातले एक अक्षर चुकते, जन्मतारखेत दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते, नामनिर्देशनाचा फॉर्म दिलेला असूनही संगणकात ती जागा रिकामी राहते, कुणाचा तरी चेक आपल्या खात्याला नावे पडतो. खाते सुरळीत चालू असेपर्यंत यातले काहीच जाणवत नाही. जाणवते ते ठेव मोडताना, पेन्शन वळती करताना, किंवा घरातले माणूस गेल्यावर त्याच्या खात्यातले पैसे मागताना. म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा धावपळ करण्याचे त्राण उरलेले नसते.

आम्ही काही निवृत्त बँकवाले इथे इंदूरमध्ये सभासदांची अशी कामे पाहतो. वर्षानुवर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसल्यामुळे आम्हाला एक गोष्ट ठाऊक आहे. ग्राहकाचे म्हणणे खरे असूनही काम अडते, कारण त्याने चुकीचा अर्ज भरलेला असतो किंवा बरोबर अर्जाची पोच घेतलेली नसते. म्हणून हा लेख.

चुका येतात कुठून

पूर्वी खाती लेजरमध्ये हाताने लिहिलेली असत. मग संगणक आले, त्यानंतर सर्व शाखा एकमेकींना जोडणारी कोअर बँकिंगची प्रणाली आली. प्रत्येक टप्प्यावर हजारो खात्यांची माहिती नव्याने भरावी लागली. त्यात भर पडली ती विलीनीकरणांची. आपल्या इंदूरची स्टेट बँक ऑफ इंदूर २०१० मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली, हैदराबादची स्टेट बँक ऑफ हैदराबाद २०१७ मध्ये. वडोदऱ्यात मुख्यालय असलेल्या बँक ऑफ बडोदामध्ये २०१९ साली देना आणि विजया या बँका आल्या. बेळगावकडे अनेकांची खाती असलेली सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत गेली. माहिती एका प्रणालीतून दुसरीत जाते, तेव्हा जुनी चूक तशीच पुढे जाते. क्वचित नवीनही भर पडते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांच्या बाबतीत नावाची चूक जास्त होते, त्याला कारण आहे. ज्ञानेश्वर हे नाव आपण इंग्रजीत 'डी' अक्षराने सुरू करतो. इथल्या हिंदीभाषक कारकुनाला ते 'ग्यानेश्वर' ऐकू येते आणि तो 'जी' टंकतो. गुजरातेत त्याच 'जी'पुढे 'एन' लागतो, कर्नाटकात 'जे' येतो. 'वाघ' कधी 'डब्ल्यू'ने लिहिले जाते, कधी 'व्ही'ने. 'काळे' हिंदीत 'काले' होतात. आपण मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे लावतो, पण उत्तरेत मधले नाव म्हणजे कुमार नाहीतर देवी असते, त्यामुळे काही ठिकाणी आपले मधले नाव गाळलेच जाते. शिवाय लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याची आपली जुनी रीत. घरातल्या कित्येक वयस्क स्त्रियांचे शाळेच्या दाखल्यावर एक नाव आहे आणि पासबुकावर दुसरे.

दुरुस्ती वेगळी, बदल वेगळा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच.

खातेदाराने आपले नाव, पत्ता किंवा सही बदलली, तर तो 'बदल'. त्याचा पुरावा खातेदाराने द्यायचा. विवाहाचा दाखला, राजपत्रातली घोषणा, शपथपत्र, जे लागेल ते. परंतु खाते उघडताना आपण बरोबर माहिती दिली होती आणि बँकेने ती चुकीची भरली, तर ती 'दुरुस्ती'. तिचा पुरावा बँकेच्याच कपाटात असतो, आणि तो म्हणजे खाते उघडण्याचा मूळ फॉर्म आणि त्याला जोडलेली कागदपत्रे. ग्राहकाच्या ओळखीची कागदपत्रे खाते चालू असेपर्यंत आणि ते बंद झाल्यावरही किमान ५ वर्षे जपणे बँकेवर कायद्याने बंधनकारक आहे.

होते असे की आपण काउंटरवर जाऊन "नाव बरोबर करून द्या" म्हणतो आणि समोरची व्यक्ती नाव बदलण्याचा छापील फॉर्म पुढे करते. तिला सवयीचा तोच फॉर्म असतो. आपण तो भरला की कागदोपत्री चित्र उलटे होते. जणू आपणच नाव बदलले. मग शपथपत्र मागितले जाते, मुद्रांक लागतो, दोन फेऱ्या होतात. म्हणून तो फॉर्म भरण्याआधी साधा अर्ज द्यावा आणि त्यात स्पष्ट लिहावे की हा नावातला बदल नसून बँकेच्या नोंदीतली चूक आहे, मूळ फॉर्म पाहून ती दुरुस्त करावी.

आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. बँकेचे आणि व्यक्तींचे नाव देत नाही. एका सभासद काकूंचे यजमान वारले. मुदतठेव त्यांच्या एकट्याच्या नावे होती, काकू नामनिर्देशित होत्या. मृत्यूच्या दाखल्यावर आणि आधारवर नाव ज्ञानेश्वर, बँकेच्या संगणकात ग्यानेश्वर. शाखेने सांगितले की दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे शपथपत्र करा, दोन जामीनदार आणा. काकूंचे भाचे सगळे पुण्याला, इथे जामीनदार कुठून आणणार? महिना असाच गेला. घरखर्च त्या ठेवीच्या व्याजावर चालत असे. आम्ही त्यांना घरातला ट्रंक उघडायला सांगितले. त्यात ठेवीची पहिली पावती सापडली, हाताने लिहिलेली, शाखेचा शिक्का असलेली, आणि तिच्यावर नाव बरोबर होते. म्हणजे चूक नंतर, माहिती संगणकात भरताना झाली होती. पावतीची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज दिला, मूळ फॉर्म काढून पाहण्याची विनंती केली. शाखा व्यवस्थापकांनी फॉर्म मागवला, नाव दुरुस्त केले, आणि मगच दावा पुढे सरकला. शपथपत्र लागले नाही, जामीनदारही लागले नाहीत.

सर्वच प्रकरणे इतकी सरळ सुटत नाहीत. पण पुरावा बँकेकडे आहे हे आपल्याला माहीत असले की बोलण्याचा सूर बदलतो.

आधी खात्री करा

प्रत्येक अनोळखी नोंद चूक नसते. मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून ४३६ रुपये आणि २० रुपये गेले, तर ते बहुधा प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा योजनांचे वार्षिक हप्ते असतात. एसएमएसचे शुल्क, डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क, कधी काळी दिलेली हप्ता कापण्याची संमती, यांच्याही नोंदी दिसतात. विमा आपण घेतलाच नव्हता, संमती दिलीच नव्हती, तर मात्र ती चूक. त्या वेळी बँकेला एवढेच विचारावे: "माझी सही असलेला संमतीचा कागद किंवा ऑनलाइन संमतीची नोंद दाखवा."

खात्री करताना पासबुकातले हे तपशील एकदा शांतपणे वाचावेत:

१. नावाचे स्पेलिंग, पॅन आणि आधारशी जुळते का.
२. जन्मतारीख. ज्येष्ठ नागरिकांचा जादा व्याजदर हिच्यावरच अवलंबून असतो.
३. मोबाइल क्रमांक. जुना, बंद झालेला क्रमांक नोंदलेला असेल, तर तो आज दुसऱ्याच कुणाकडे असू शकतो आणि आपल्या खात्याचे संदेश त्याला जात असतील.
४. खाते चालवण्याची पद्धत, म्हणजे एकट्याने, दोघांपैकी कुणीही, की दोघांनी मिळून.
५. नामनिर्देशन नोंदले आहे का.
६. प्रत्येक मुदतठेवीसाठी वरचे सर्व मुद्दे पुन्हा. बचत खात्यात नामनिर्देशन आहे म्हणून ठेवीलाही ते आपोआप लागते असे समजू नये.

अर्ज कसा लिहावा

तोंडी तक्रार हवेत विरते. अर्ज एका पानाचा, एकाच विषयाचा असावा. दोन वेगळ्या चुका असतील तर दोन अर्ज. इथल्या शाखेत हिंदी किंवा इंग्रजी सोयीचे पडते. मजकुराचा नमुना असा:

"माझे आपल्या शाखेत अमुक क्रमांकाचे बचत खाते अमुक साली उघडलेले आहे. खाते उघडताना मी दिलेल्या कागदपत्रांनुसार माझे नाव असे आहे. आपल्या नोंदीत ते तसे दिसते. हा नावातला बदल नसून नोंदीतली चूक आहे. कृपया मूळ फॉर्म पाहून दुरुस्ती करावी आणि तसे लेखी कळवावे. सोबत पासबुकाच्या पहिल्या पानाची आणि ओळखपत्राची प्रत जोडली आहे."

दोन प्रती न्याव्यात. एक द्यावी, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. शिक्का देण्याची टाळाटाळ झाली, तर भांडू नये. तोच अर्ज शाखेच्या ईमेलवर पाठवावा किंवा स्पीड पोस्टाने धाडावा. बँकेच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर तक्रार नोंदवली तर तक्रार क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेवावा. पुढच्या सर्व पायऱ्या या पोचेच्या तारखेवर उभ्या आहेत.

मूळ कागद कधीही सोडून येऊ नये. दाखवावा, प्रत द्यावी, मूळ परत घ्यावा.

चुकीचा प्रकार आणि त्याचा उपाय

*रक्कम चुकून नावे पडली.* फक्त "पैसे परत करा" एवढेच मागू नये. बचत खात्यावर १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिलकेवर मोजले जाते. म्हणून उलट नोंद मूळ तारखेपासून धरून करावी, असे अर्जात लिहावे. बँकेच्या भाषेत याला व्हॅल्यू डेट म्हणतात. त्या चुकीमुळे चेक परत गेला असेल, शिल्लक कमी पडल्याचा दंड बसला असेल, तर तोही परत मागावा आणि ज्याला चेक दिला होता त्याच्यासाठी बँकेचे चूक मान्य करणारे पत्र मागावे.

*एटीएममधून पैसे आले नाहीत, पण खात्यातून गेले.* रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या आदेशानुसार बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम जमा करायची असते. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते, आणि तीही ग्राहकाने न मागता.

*आपण न केलेला ऑनलाइन व्यवहार दिसला.* येथे तास मोलाचे आहेत. जुलै २०१७ च्या आदेशाप्रमाणे चूक किंवा निष्काळजीपणा बँकेचा असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा वेळी बँकेचा संदेश आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले तरी जबाबदारी शून्य. ४ ते ७ दिवस झाले तर काही मर्यादेपर्यंत नुकसान आपले. मात्र आपणच पिन किंवा ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपल्यालाच सोसावे लागते.

*पॅन चुकीचा नोंदला.* व्याजावर कापलेला कर दुसऱ्याच्या नावे जमा होतो, किंवा पॅन नाही असे धरून २० टक्के कापला जातो. आपल्या फॉर्म २६एएस मध्ये तो दिसत नाही. हे आपल्याला आयकर खात्याकडे जाऊन सुधारता येत नाही. कर कापणाऱ्या बँकेनेच आपले विवरणपत्र दुरुस्त करून पुन्हा भरावे लागते. म्हणून विवरणपत्र भरण्याच्या तारखेच्या बरेच आधी, एप्रिल-मेमध्येच, २६एएस पडताळावा.

*नामनिर्देशन दिसत नाही.* जुनी पोच असेल तर ती दाखवून नोंद करायला सांगावे. पोच नसेल तर वाद न घालता नवा फॉर्म भरावा. नामनिर्देशन आजही करता येते, आणि खातेदार हयात असतानाच करता येते. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला ४ जणांपर्यंत नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. पोच घ्यावी आणि पासबुकावर तशी नोंद छापून घ्यावी.

*फेडलेले कर्ज थकीत दिसते.* कर्जाची माहिती सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क या ४ कंपन्यांकडे जाते. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात चूक दिसली तर त्या कंपनीकडे आणि बँकेकडे, दोन्हीकडे तक्रार करावी. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद एप्रिल २०२४ पासून आहे. मुलाच्या गृहकर्जाला जामीन राहिलेल्या वडीलधाऱ्यांनीही आपला अहवाल पाहावा, कारण जामीनदाराच्या अहवालातही ते कर्ज येते.

पैसे चुकून आपल्याकडे आले तर

ही बाजूही सांगितलीच पाहिजे. दुसऱ्याची रक्कम आपल्या खात्यात जमा झाली, तर ती आपली होत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ प्रमाणे चुकून मिळालेला पैसा परत करावाच लागतो. तेव्हा तो खर्चू नये, बँकेला लेखी कळवावे. मात्र "चुकून तुम्हाला पैसे पाठवले, या क्रमांकावर परत करा" असा अनोळखी माणसाचा फोन आला, तर स्वतः एक रुपयाही पाठवू नये. फसवणुकीचा तो नेहमीचा डाव आहे. जे व्हायचे ते बँकेमार्फत होऊ द्यावे.

शाखेने ऐकले नाही तर

पायऱ्या क्रमाने चढाव्यात. आधी शाखा व्यवस्थापक, मग बँकेचा तक्रार निवारण अधिकारी, ज्याचे नाव आणि पत्ता शाखेच्या सूचना फलकावर लावलेला असतो. मोठ्या बँकांत अंतर्गत लोकपालही असतो. आपण त्याच्याकडे थेट जाऊ शकत नाही, पण तक्रार फेटाळण्याआधी बँकेने ती त्याच्यापुढे ठेवायची असते.

तक्रार फेटाळली गेली, किंवा ३० दिवसांत उत्तर आले नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. नोव्हेंबर २०२१ पासून देशभरासाठी एकच एकात्मिक योजना आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळावर करता येते. संगणक जमत नसेल तर साध्या कागदावर लिहून रिझर्व्ह बँकेच्या चंदीगड येथील केंद्राकडे टपालाने पाठवता येते, आणि ते पत्र कोणत्याही भाषेत असले तरी चालते. म्हणजे इंदूरहून मराठीत लिहिलेली तक्रारही स्वीकारली जाते. माहितीसाठी १४४४८ हा निःशुल्क क्रमांक आहे. मुदती आणि भरपाईच्या मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून तक्रार करण्याच्या दिवशी त्या संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात. आणि बँकेकडे आधी लेखी तक्रार केल्याशिवाय तिथे जाऊ नये. तशी तक्रार सरळ परत येते.

पतसंस्था या योजनेत येत नाहीत, त्यांची तक्रार सहकार निबंधकांकडे करावी लागते. लहान नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचा ग्राहक शिक्षण व संरक्षण कक्ष आहे. ग्राहक आयोगाचा मार्ग यांखेरीज खुला असतोच.

काय जपून ठेवावे

दिवाळीच्या आवराआवरीत जुनी पासबुके रद्दीत जातात. कृपया देऊ नका. लेजर, व्हाउचर अशी बहुतेक पुस्तके बँकेला ५ ते ८ वर्षेच ठेवावी लागतात. त्यानंतर २० वर्षांपूर्वीची नोंद कुठे असेल तर ती आपल्या पासबुकातच. जुनी पासबुके, मुदत संपलेल्या ठेवींच्या पावत्यांच्या प्रती, नामनिर्देशनाच्या पोचा, कर्जफेडीचे दाखले, हे सर्व एका पिशवीत ठेवावे आणि ती पिशवी कुठे आहे हे घरात दोघांना तरी माहीत असावे.

ज्या खात्यात २ वर्षे आपण काहीच व्यवहार केलेला नाही, ते निष्क्रिय होते. १० वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. ती बुडत नाही, मागता येते, पण नाव चुकलेले असेल तर शोधायलाच त्रास होतो. वडिलांच्या जुन्या खात्यांचा शोध घ्यायचा असेल, तर २०२३ मध्ये सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नावाची सर्व स्पेलिंगे घालून पाहावीत, 'डी'ने आणि 'जी'नेही.

अर्ज लिहिण्यासाठी मदत हवी असेल, तर आम्हा निवृत्त मंडळींना जरूर भेटा. येताना पासबुक आणि कागदांच्या प्रती आणा. पिन, पासवर्ड आणि ओटीपी आम्हालाही सांगू नका. अर्ज लिहायला त्यांची गरज पडत नाही.